मागच्या वेळचा निकाल घेऊन या

प्रति,
पाण्याचे, मातीचे आणि रक्ताचे नमुने न्यायला आमच्या गावात येणारे सर्व साहेब आणि मॅडम,
त्यांना पाठवणारे अधिकारी,
आणि 'अहवाल येऊ द्या, मग बघू' असं सांगणारे आमचे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

वि. वि. मागच्या ग्रामसभेत तुमचं पत्र वाचून दाखवलं. 'आपल्या गावात पाणी व आरोग्यविषयक नमुने गोळा करण्याकरिता पथक येत असून ग्रामस्थांनी सहकार्य करावे.' सरपंच 'हो, ठीक आहे' म्हणाले आणि पुढचा विषय नालीच्या बांधकामाचा होता, तो सुरू होणार, तेवढ्यात दाराशी बसलेली एक आजी बोलली, "रगत नेलं, लघवी नेली, पानी नेलं, माती नेली. आता काय ऱ्हायलं न्याचं?"

सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र भाकरी थापताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. गावात किडनीचे पेशंट बरेच, त्याचं कारण शोधायला आठ वर्षांत ही तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांना आम्ही सहकार्यच केलं होतं. पहिल्या वेळी ऐन सोयाबीन सोंगणीत माणसं दुपारपर्यंत उपाशीपोटी शाळेच्या ओट्यावर रांगेत बसली, त्या दिवसाची मजुरी बुडाली. रक्त दिलं, सह्या दिल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. गाड्या गेल्या. त्यानंतर त्या रक्तात काय निघालं, त्या पाण्यात काय निघालं, हे आजपर्यंत कुणी येऊन सांगितलं नाही. म्हणून हे पत्र. कोणती पथकं आली, कुठल्या कचेरीची, कुठल्या संस्थेची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. कुणा एकाला उघडं पाडायचं माझ्या मनात नाही. शिवाय आजूबाजूच्या गावांतल्या बायांशी बोलले, तर त्यांचाही अनुभव हाच. त्यांच्याकडे दुसरी पथकं आली होती, एवढाच फरक.

आधी मी कोण ते सांगते. पूर्णेच्या काठचं आमचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे पूर्णेनं आणून टाकलेला खोल गाळ. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. वर काळीभोर जमीन, कापूस-तूर-हरभऱ्याची. खाली पाणी आहे, पण खारं. म्हातारी माणसं सांगतात, इथं पूर्वी समुद्र होता. कुणी सांगतं, बंद खोऱ्यात साचत गेलेला क्षार आहे. माझं माहेर वरुडकडचं, संत्र्याच्या भागातलं. तिथं बोअर खोल खोल चाललेत, पण जे लागतं ते गोड. लग्न होऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा केला, तो मीच थुंकला. मला वाटलं, साखरेच्या जागी मीठ पडलं. सासूबाई म्हणाल्या, "होते सवय." झाली. आता माहेरचं पाणी मला फिकं लागतं.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवतात. त्या पाचांतली मी एक. एक निळी पेटी मिळाली. तिच्यात छोट्या छोट्या बाटल्या, नळ्या आणि रंगांचा तक्ता. त्यातली क्लोराइडची, म्हणजे मिठाच्या अंशाची तपासणी मला फार आवडते. नळीत पाणी घ्यायचं, एका बाटलीतले थेंब टाकले की ते हळदीसारखं पिवळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंब थेंब टाकत, हलवत, मोजत जायचं. ज्या थेंबाला पिवळ्याचा विटकरी होतो तिथं थांबायचं. जितके थेंब जास्त तितकं मीठ जास्त. एका दिवाळीला माहेरी गेले होते, तिथून एक बाटली पाणी भरून आणलं, सहज गंमत म्हणून. सहाव्या थेंबाला विटकरी. आमच्या चावडीजवळच्या हापशीचं पाणी घेतलं, एक्केचाळीस. शेजारणी मोजताना मोठ्यानं आकडे म्हणत होत्या. तिशीच्या पुढे गेल्यावर कुणी बोलेना.

आता माझ्या घरचं. माझे भासरे शेचाळिसाव्या वर्षी गेले. किडनी. आधी पायावर सूज आली, आम्हाला वाटलं अशक्तपणा. मग भूक गेली, अंगाला खाज, रात्री झोप नाही. अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीनं न गाळलेल्या रक्तातल्या कचऱ्याचा, आकडा पाहून आधी आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिथून पुढे आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चार तास मशीनवर आणि येण्याजाण्यात उरलेला दिवस. योजनेतून डायलिसिस फुकट होतं, हे खरं. एसटीचं तिकीट, सोबतच्या माणसाचं खाणं, बुडालेली पेरणी फुकट नव्हती. एकोणीस महिने चाललं.

गावात सगळे सांगतात, पाण्यानं गेले. मीही बरेच दिवस तेच सांगत होते. पण डॉक्टरांनी तेव्हा दोन प्रश्न विचारले होते, ते मी विसरले नाही. "यांचा बीपी कधीपासून आहे?" आम्ही म्हणालो, कधी मोजलाच नाही. "कंबरदुखीच्या गोळ्या किती वर्षं घेतात?" ते आम्ही मोजलं नव्हतं. फवारणी, वखरणी करून आले की स्टँडवरच्या दुकानातून एक गोळी, हे नेहमीचंच. वाढलेला बीपी किडनी खातो आणि या दुखण्याच्या गोळ्याही किडनीला सोसत नाहीत, हे मला त्यांच्या तेराव्यानंतर कळलं.

तेव्हा पाणी, बीपी की गोळ्या? की तिन्ही? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. घरात माझा मुलगा आहे, भासऱ्यांची दोन लेकरं आहेत, आणि ती तिघंही तेच पाणी पिऊन मोठी झालीत.

माझ्या भाच्यानं फोनवर वाचून दाखवलं. तो अमरावतीला शिकतो. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम म्हणून भाग आहे, तिथं असंच. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातल्या भातशेतकऱ्यांत असंच. मध्य अमेरिकेत ऊस तोडणाऱ्या तरण्याताठ्या पोरांत असंच. बीपी नाही, साखर नाही, तरी किडन्या निकामी होतात. शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं शोधतायत. कुणी म्हणतं उन्हातली कष्टाची कामं आणि अंगातलं पाणी कमी होणं, कुणी म्हणतं जड पाणी आणि फ्लोराइड, कुणी कीटकनाशकं, कुणी धातू, कुणी दुखण्याच्या गोळ्या. एकच पक्कं उत्तर अजून नाही. हे ऐकून मला धीर आला, विचित्र वाटेल पण आला. म्हणजे प्रश्न अवघड आहे, आमचं नशीब फुटकं आहे असं नाही. एवढंच तुमच्यापैकी कुणी ग्रामसभेत येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता तक्रारी. पहिली तर वर आलीच: नमुना नेता, निकाल देत नाही. विचारायला गेलो की तीन उत्तरं मिळतात. 'अहवाल वरती पाठवला आहे.' 'तो गोपनीय आहे.' 'तुम्हाला समजणार नाही.' वरती म्हणजे कुठं, ते कुणालाच माहीत नाही. एका माणसाच्या रक्ताचा आकडा गोपनीय असावा, हे मला पटतं. तो त्याला बंद पाकिटात द्या. पण आमच्या विहिरीच्या पाण्यातलं मीठ कुणापासून गोपनीय ठेवायचं? ते आम्ही रोज पितो. मोठ्या अहवालांचंही हेच होतं म्हणा. पश्चिम घाटाचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्ये सरकारकडे गेला आणि लोकांना तो २०१२ च्या मे महिन्यात, माहितीच्या अधिकाराची लढाई झाल्यावर दिसला. तिथं तर लढायला शिकलेली माणसं होती.

आणि 'समजणार नाही' याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या, फारसं न शिकलेल्या बायांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले होते. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यास गट चालतो. बाहेरच्या जाणकाराला बोलावून गाव त्याच्याशी बसून एखादा विषय समजून घेतं आणि मग ग्रामसभेत ठरवतं. आम्हीही विदर्भातलेच. एक्केचाळीस थेंब मोजणाऱ्या बाईला आलेख समजणार नाही, हे कुणी ठरवलं?

दुसरी तक्रार, नमुना घ्यायच्या पद्धतीची. गाडी जिथवर जाते तिथवरचं पाणी तुम्ही घेता. दोन्ही वेळा चावडीजवळच्या हापशीचं घेतलं, कारण डांबरी रस्ता तिथं संपतो. खालच्या वस्तीतली माणसं त्या हापशीवर येतच नाहीत, ती नाल्याकाठच्या विहिरीवर जातात, आणि किडनीचे जास्त पेशंट त्या वस्तीतले. एकदा नमुना पोळ्यानंतर घेतला. पावसाचं पाणी मुरलेलं असताना आमचं खारं पाणी जरा निवळतं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. मे महिन्यात येऊन बघा.

आणि तुमची ती प्रश्नावली. 'दररोज किती लिटर पाणी पिता?' सगळ्यांनी सांगितलं, तीन-चार. लिटर कोण मोजतं हो? माणसं वावरात गुंड नेतात, चौघं मिळून पितात. माझ्या शेजारणीनंही चार सांगितलं, आणि मी तिच्यासोबत वर्षानुवर्षं निंदायला जाते, मला माहीत आहे की ती सकाळपासून दुपारच्या न्याहारीपर्यंत दोन घोट पिते. मी तिला घरी येऊन विचारलं, खोटं काहून सांगितलं? तिनं जे सांगितलं ते तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. एक तर पाणी खारं, जास्त पिलं की मळमळतं. दुसरं म्हणजे सपाट वावर, पऱ्हाटी गुडघ्याएवढी, बाजूला गडीमाणसं. लघवीला आडोसा नाही, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तुम्ही उन्हात अंगातलं पाणी कमी होण्याचा अभ्यास करता. हा प्रश्न एखाद्या बाईनं बाईला, बाकी माणसं उठून गेल्यावर विचारायला हवा होता. तुमच्या पथकात बाई होती, पण तिला फक्त नावं लिहायला बसवलं होतं.

तिसरी तक्रार कार्डांची. आमच्या ग्रामपंचायतीत हिरवं कार्ड लावलेलं आहे. ते पाहून एका लोकप्रतिनिधीनं भाषणात सांगितलं की या गावाचं पाणी शुद्ध आहे. साहेब, हिरवं कार्ड म्हणजे विहिरीजवळ उकिरडा नाही, पाइपलाइन नालीतून गेलेली नाही, टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, वेळेवर टाकली जाते. साथीच्या रोगासाठी ती तपासणी चांगलीच आहे, आमचा जलसुरक्षक मेहनत करतो. पण त्या कार्डाला क्षाराशी काही देणंघेणं नाही. क्षारासाठी वेगळा आकडा आहे: विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. क्लोराइडचं २५० आणि १००० असं आहे. हे मला प्रशिक्षणात शिकवलं. भाषण करणाऱ्याला कुणी शिकवलं नसावं.

मातीचंही तसंच. मृदा आरोग्य पत्रिका आमच्या घरी कालनिर्णयाच्या मागे खोचलेली आहे. बारा ओळी, बारा आकडे. गट नंबर माझा, पण माझ्या वावरातली माती नेताना मी कुणाला पाहिलं नाही. मग कळलं की कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घ्यायचा असा त्यांचा नियम होता. पंचवीस एकरांत किती धुरे आणि किती प्रकारची जमीन! आमच्या खालच्या तुकड्याला बोअरचं पाणी देऊन देऊन ती चोपण झाली आहे, पावसानंतर वर पापुद्रा धरते, बी उगवत नाही. वरचा तुकडा लोण्यासारखा. कार्ड दोघांना एकच.

चौथी गोष्ट तक्रार आहे की कबुली, तुम्हीच ठरवा.

आमच्या गावात येऊन पाण्याचा निकाल दाखवणारा आजपर्यंत एकच माणूस आला. फिल्टर विकणारा. त्यानं समाजमंदिरात बायांना बोलावलं, टेबलावर काचेचे दोन पेले ठेवले. एकात आमच्या हापशीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या फिल्टरचं. दोन्ही सारखेच स्वच्छ दिसत होते. मग त्यानं एक यंत्र काढलं, त्याला कांड्या होत्या. त्या पेल्यांत सोडल्या आणि पिन लावली. अर्ध्या मिनिटात आमचं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग वर हिरवट काळा साका आला. त्याचं पाणी जसंच्या तसं. "ताई, हे तुमच्या लेकरांच्या पोटात जाते," तो म्हणाला. कुणीतरी तोंडावर पदर घेतला. किडनीचं नाव त्यानं काढलं नाही, काढायची गरजच नव्हती. अकरा घरांनी हप्त्यावर फिल्टर घेतले. त्यातलं एक घर माझं.

दोन महिन्यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितलं. त्यांनी तसंच यंत्र कुठून तरी मिळवलं आणि सातवीच्या वर्गात मला बोलावलं. माझ्याच फिल्टरचं पाणी पेल्यात घेतलं, कांड्या सोडल्या. काही झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. पोरं ओरडली. तोच तपकिरी साका. सर म्हणाले, एक कांडी लोखंडाची आहे. पाण्यात क्षार असला की वीज वाहते आणि कांडीचंच लोखंड झिजून पाण्यात उतरतं. घाण पाण्यात नव्हती, कांडीत होती. फिल्टर क्षार काढतो, ते खोटं नाही. पण पेल्यात दाखवलं ते भय होतं. शिवाय तो एक बादली गोड पाणी द्यायला दोन-तीन बादल्या आणखी खारं पाणी बाहेर टाकतो. ते मी न्हाणीमागं सोडत होते. तिथलं लिंबाचं झाड वाळलं. ग्रामपंचायतीनं फीत कापून बसवलेल्या मोठ्या मशीनचं असलं पाणी नाल्यात जात होतं. ते कुठं जाईल, असं उद्घाटनाला आलेल्यांपैकी एकानंही विचारलं नाही. आता ती मशीन बंदच आहे, त्यामुळे तो प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

फसलो त्यात आमची चूक आहे, मान्य. व्हॉट्सअॅपवर आलेलं पुढे ढकलतो, भाजीपाल्याच्या रसानं किडनी धुऊन निघते म्हणून पैसे घालवतो, क्रिएटिनिन वाढलेला माणूस जडीबुटीवाल्याकडे नेतो. पण तो विकणारा निदान आला, बसला, आमच्या डोळ्यांसमोर काहीतरी केलं आणि आम्ही विचारलं त्याचं उत्तर दिलं. तुमचा माणूस येऊन बसला असता तर त्याच्यासमोरही आम्ही बसलो असतो.

असंच २०१७ साली यवतमाळात झालं. फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत होती. त्यानंतर मोजे घाला, चष्मा घाला, पत्रक वाचा, असे उपदेश सुरू झाले. ते पत्रक बघितलंय का कुणी? काडेपेटीएवढी घडी उलगडली तर वर्तमानपत्राच्या पानासारखी होते आणि अक्षर मुंगीएवढं. त्यापेक्षा फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा तो रंगीत चौकोन बरा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. माझा मुलगा 'हिरवा घ्या' म्हणून सांगतो, कारण त्याला सरांनी दहा मिनिटांत समजावलं होतं.

पाचवी तक्रार राज्य चालवणाऱ्यांची. तुम्ही विज्ञानाच्या आड बसता. गोड पाण्याची योजना मागितली की 'आजाराचं कारण सिद्ध झालेलं नाही, अहवाल येऊ द्या.' गावोगाव बीपी तपासा म्हटलं की 'अहवाल येऊ द्या.' फीत कापायची असली की मात्र अहवाल लागत नाही. कारण सिद्ध व्हायला आणखी वीस वर्षं लागोत, पण एवढं तर आजच सिद्ध आहे ना, की आमच्या पाण्यात मीठ पिण्याच्या मर्यादेबाहेर आहे, वाढलेल्या बीपीनं किडनी जाते आणि लवकर कळलं तर ती काही वर्षं वाचवता येते? एवढ्यावर काम सुरू करायला कुठल्या शास्त्रज्ञाची हरकत आहे, त्याला एकदा माझ्यासमोर आणा.

पत्रकार भावांनो, तुम्हालाही एक ओळ. 'किडनीचं गाव' असा मथळा दिला, फोटोत आमच्या पाटीचं नाव दिसलं. त्या महिन्यात एका पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. खारपाणात पोरगी द्यायला लोक आधीच कचरतात, आता इथली पोरगी करूनही घेईनात.

मागण्या सांगते, लांबण लावत नाही.

एक. मागच्या दोन्ही वेळच्या नमुन्यांचा निकाल आधी द्या. ज्याचा त्याला बंद पाकिटात, आणि गावाचा एकत्रित ग्रामसभेत वाचून, मराठीत, चावडीच्या फळ्यावर लावून. भाषांतराला वेळ लागतो म्हणू नका. २०२० साली पर्यावरणाच्या अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं होतं. आमचं तर चार पानांचं काम आहे.

दोन. नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी आमच्यासोबत बसा. कोणती विहीर कोण पितं, कुठल्या घरात कोण आजारी, कुठल्या महिन्यात पाणी जास्त खारं, हे आम्ही सांगू. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा या. बायांशी बोलायला बाई पाठवा आणि तिला पुरेसा वेळ द्या.

तीन. उत्तर सापडलं नसेल तर 'सापडलं नाही' असं येऊन सांगा. कशाचा संशय आहे, काय तपासून बाजूला काढलं, तेही सांगा. आम्ही दगड मारणार नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकला तरी दुसऱ्या दिवशी आम्ही रेडिओ लावतोच की.

चार. अहवालाची वाट न पाहता आशाताईकडे चांगलं बीपीचं यंत्र द्या आणि तिशीच्या पुढच्या सगळ्यांची वर्षातून एकदा क्रिएटिनिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच करा. धरणाचं गोड पाणी पाइपलाइननं आमच्या पलीकडच्या खेड्यांपर्यंत येऊन थांबलं आहे, ते खालच्या वस्तीपर्यंत आणा.

पाच. जे मशीन द्याल त्यासोबत त्याचं उरलेलं खारं पाणी कुठं जाणार, ते कागदावर लिहून द्या.

आमच्याकडून काय, ते पण सांगते. आम्ही पाच जणी दोन वर्षांपासून एका दोनशेपानी वहीत नोंद ठेवतो. तारीख, कुठलं पाणी, किती थेंब. सात विहिरी-हापशा, दर महिन्याला. तुमच्या प्रयोगशाळेइतकी ती अचूक नसेल, पण मे महिन्यातला आकडा तिच्यात आहे, जो तुमच्याकडे नाही. ती वही तुम्हाला देऊ. मूळ नाही, झेरॉक्स. मूळ आमच्याकडे राहील.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की यापुढे गावातून कुठलाही नमुना जाईल तेव्हा निकाल कधी आणि कसा देणार ते लिहून घेतल्याशिवाय सही द्यायची नाही. सरपंच थोडे बिचकले आहेत, साहेब रागावतील म्हणून. मी त्यांना म्हटलं, रागावले तर रागावले, नमुना न घेता तर परत जात नाहीत ना. तुम्ही जरूर या. ओटा झाडून ठेवू, रांग लावू, चहा माझ्या फिल्टरच्या पाण्याचा करू.

कळावे,
पाणी तपासणाऱ्या पाच बायांपैकी एक

ता. क. किटमधली क्लोराइडची बाटली दिवाळीपासून रिकामी आहे, त्यानंतरचे रकाने वहीत कोरे पडलेत. सगळ्या गावांना सारख्याच मापाची बाटली देतात, आणि आमच्याकडे एका तपासणीला चाळीस थेंब जातात. गाडीत जागा असेल तर येताना दोन आणा.